काचेत अडलेलं ऊन

मी एक जुनं कासव आहे, मित्रांनो. पाण्यातलं नव्हे, जमिनीवरचं. मला दगडोबा म्हणतात. माझं वय खुशाल विचारा, पण कशासाठी विचारता ते आधी सांगा. संशय माझ्या हाडात मुरलेला आहे. कोणी जवळ आलं की आधी डोकं आत, मग विचार.

लहानपणी मला एका खोक्यातून या घरी आणलं. घरात बाबा आणि त्यांची मुलगी छोटी, अशी दोघंच. बाबांचं फोटोंच्या चौकटी करायचं दुकान होतं. काच कापण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. माझी पेटीही त्यांनी स्वतःच केली. तळाला पांढरे गुळगुळीत खडे पसरले आणि वर दिवा टांगला. दिवा खास होता, उन्हासारखा. पण शेजारचं मांजर पेटीत डोकावू लागलं, तेव्हा दिव्याच्या खाली त्यांनी काचेचं झाकण बसवलं. येणारेजाणारे म्हणत, "काय देखणं घर आहे हो!"

देखणं होतं खरं. पण त्या खड्यांवर माझे पाय चार दिशांना घसरत, आणि उकरायला जावं तर नुसता खडखडाट. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं; कुठं, ते कळत नव्हतं.

काही महिन्यांनी माझे पाय लटपटू लागले. कवचाची कड भिजल्या पुठ्ठ्यासारखी मऊ पडली. खाण्यावरची वासनाच उडाली. बाबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, पण ती भलत्याच दिशेला.

"खरं सांग, याला वेळेवर खायला घालतेस ना?"

"रोज घालते, बाबा. तोच खात नाही."

बाबांनी कचऱ्याचा डबा उघडून पाहिला. त्यात मी न खाल्लेली, सुकलेली पानं होती. झालं, पुरावाच सापडला! छोटी रडून सांगत राहिली, पण व्यर्थ. आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, मलाही तिचाच संशय आला. पानं तिच्याच हातून येत होती ना!

"रविवारी याला जिथून आणला तिथे परत देऊन येऊ," बाबा म्हणाले. "तुझ्याच्याने होत नाही हे."

छोटीने आत्याला फोन लावला. आत्या घरोघरी वीज जोडायचं काम करायची, आणि संशयात माझ्याही वरताण. शनिवारी ती आली ती पेचकस हातात घेऊनच. आधी तिला दिवा विकणाऱ्याचा संशय आला. दिव्याच्या खोक्यावरचा मजकूर वाचला, दिवा तपासला. दिवा अस्सल निघाला. मग तिने मला उचललं. हीच मला घेऊन जाणार, असं वाटून मी तिच्या बोटाला कडकडून चावलो.

"चावलास? म्हणजे जीव आहे अजून," ती म्हणाली. मग झाकणावर टिचकी मारून तिने विचारलं, "दादा, जुन्या फोटोंचा रंग उडू नये म्हणून तू कुठली काच लावतोस रे?"

"ऊन अडवणारी. ग्राहक मुद्दाम मागतात."

"आणि इथे?"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. दुकानात उरलेली तीच काच त्यांनी माझ्या डोक्यावर बसवली होती.

"साधी काचसुद्धा हे ऊन अडवतेच," आत्या म्हणाली. "उजेड येतो, थोडी ऊबही येते. पण हाडं घट्ट करणारं ऊन वरच्या वर अडतं. पोरीला कसला बोल लावतोस?"

त्याच दुपारी मला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हाडांसाठी कॅल्शियमची पूड लिहून दिली आणि खडेही काढायला सांगितले. काचेच्या जागी तारेची जाळी आली. दिवा पेटीच्या एका टोकाला, खोक्यावर दिलेल्या उंचीवर बसला. दुसऱ्या टोकाला सावली आणि लपायला उलटं मडकं. तळाशी वीतभर ओलसर माती, नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळलेली. मी नखं रोवली आणि माती मागे उडवली. आयुष्यात प्रथमच मी गळ्यापर्यंत जमिनीत शिरलो.

बाबा छोटीपुढे उकिडवे बसले. "चुकलो गं मी."

त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी स्वतः पानं चिरत, आणि ती कमरेवर हात ठेवून विचारी, "धुतलीत का?" बाबा म्हणत, "धुतली." तरी ती एक पान उचलून पाहीच.

माझं कवच कडक झालं, पण वाकलेली कड वाकलेलीच राहिली. मित्रांनो, तुमच्या घरी असा मुका जीव असेल आणि तो मलूल दिसला, तर जरूर संशय घ्या. दिव्याचा घ्या, काचेचा घ्या, पायाखालच्या मातीचा घ्या. दिवा नुसता पेटतो म्हणून समाधान मानू नका. आणि कोणी लहान मूल "मी रोज खायला घालते" असं सांगत असेल, तर आधी त्याचं पुरतं ऐकून घ्या.