सातवी पायरी

माझ्या हातांना धीर नाही. समोरचा माणूस एखादी गाठ सोडवत बसला की मला बघवत नाही. मी ती ओढून घेते, सोडवते आणि वर दोन शब्द सुनावते. घरचे हसतात. ग्रंथालयातले हसत नसत, पण हळूच माझ्यासाठी खुर्ची रिकामी करत.

जावा बेटावरच्या आमच्या जिल्ह्याच्या सरकारी ग्रंथालयात कार्डं बंद होऊन सगळं ऑनलाइन करायचं ठरलं, तेव्हा मी आठ दिवसांत ते शिकले. लगेच मला बाकीच्यांची मास्तरीण केलं. मी काय, हवेतच होते. पाच जण शिकले, सहावे राहिले पाक विग्न्यो. आमच्याकडे नावाआधी पुरुषाला मानाने पाक म्हणतात, बाईला बू.

पाक विग्न्यो एकतीस वर्षं कार्डांवर होते. अक्षर असं की वाचकाने कार्डच घरी न्यावं. हळू बोलायचे, हळू चालायचे, चहासुद्धा इतका हळू प्यायचे की त्यांचा एक पेला संपेपर्यंत माझे दोन व्हायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि जीव अडकला होता एकाच गोष्टीत, कारांगसोकात. मर्बाबू डोंगराच्या उतारावरचं, कोबी आणि गाजरं पिकवणारं त्यांचं गाव. तिथे ग्रंथालयाची शाखा व्हावी म्हणून अकरा वर्षं ते अर्ज करत होते.

शेवटी वरून होकार आला, पण दोन अटींवर. शाखा सांभाळणाऱ्याकडे ऑनलाइन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. आणि वर्षभरात निदान तीनशे पुस्तकं वाचकांनी नेल्याची नोंद सिस्टीममध्ये दिसायला हवी, नाहीतर डिसेंबरअखेर शाखा बंद. आमच्या मुख्य बाई, बू हेस्ती, त्यांनी सगळ्यांसमोर हे वाचून दाखवलं. पाक विग्न्यो मला म्हणाले, "बू वुरी, मला शिकवाल ना? मी जरा मठ्ठ आहे."

"जरा?" मी म्हटलं. सगळे हसले. तेही हसले.

रोज दुपारी दोन वाजता शिकवणी. पुस्तक देण्याच्या सात पायऱ्या होत्या. कॉम्प्युटर चालू करा, पासवर्ड टाका, देवघेवीचं पान उघडा, सभासदाचा नंबर, पुस्तकाचा नंबर, परतीची तारीख तपासा, आणि सातवी, 'देवघेव पूर्ण' हे हिरवं बटण दाबा. ते दाबलं नाही तर आधीचं सगळं वाया. पुढच्या वाचकाचा नंबर टाकला की मागचं पुसलं जातं.

पाच पायऱ्या ते नीट चढायचे. एका बोटाने, पण नीट. सहावीवर गाडं अडायचं. तारीख दिसली की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळायचे आणि बोटांवर मोजायला लागायचे. आमच्याकडे सात वारांच्या जोडीला पाच बाजारवारही चालतात, लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. खेड्यातली माणसं तारीख विसरतात, बाजार विसरत नाहीत.

"चौदा तारीख... म्हणजे पाहिंग... नाही, पोन," ते पुटपुटायचे. "वागेला आमचा बाजार. एक दिवस पुढे ढकलली तर बायका भाजी विकायला येताना पुस्तकही आणतील, बू."

"अहो पाक, कॉम्प्युटरला तुमचा पोन कळतो का आणि वागे कळतो का? द्या इकडे!" आणि मी माउस ओढून घ्यायची, हिरवं बटण दाबायची. "हे असं. समजलं?"

"इंग्गिह," ते म्हणायचे.

इंग्गिह म्हणजे होय. पण जावामध्ये जन्मलेल्या कुणालाही विचारा, मोठ्या माणसाच्या तोंडचं इंग्गिह म्हणजे नुसतं "ऐकलं हो". समजलं, पटलं, जमेल, यातलं काहीही त्यात नसतं. आपल्यासाठी कुणी तसदी घेतंय तर त्याला नाही कसं म्हणायचं, एवढीच भीड. मी त्याच मातीतली. मला कळायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर कळत होतं. पण दोन वाजून गेलेले असायचे, माझी कामं पडलेली असायची, आणि समजलं म्हणून धरणं सोयीचं होतं.

त्यांच्याजवळ एक निळी वही असायची. शिकवताना ते तीत काहीबाही लिहायचे. मी कधी डोकावून पाहिलं नाही.

परीक्षा ऑनलाइनच होती. वीस प्रश्न, चाळीस मिनिटं. पंधरा मिनिटं झाली तरी पाक विग्न्यो तिसऱ्याच प्रश्नावर. मी मागे उभी. माझी नुसती तगमग चालली होती.

"अहो, सोपं आहे ते."

"दोन उत्तरं बरोबर वाटतात, बू. जरा विचार करतो."

"विचार करायला काय मुलीचं लग्न ठरवताय? द्या इकडे!"

आणि मी सोडवली. वीसपैकी एकोणीस. प्रमाणपत्र लगेच छापून निघालं, रंगीत, सोनेरी कडेचं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"यावर माझं नाव आहे, बू."

"मग काय डोंगराचं असणार?"

ते हसले नाहीत. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी चहा मागवायला वळले. मी उपकार केला होता ना त्यांच्यावर! घरी जाऊन मी ही गोष्ट मोठ्या फुशारकीने सांगितली.

जानेवारीत कारांगसोकाची शाखा उघडली. गावच्या सभागृहामागची एक खोली, नऊशे पुस्तकं, एक कॉम्प्युटर आणि पाक विग्न्यो. एकोणीस गुण मिळवलेल्या माणसाला आणखी कोण शिकवणार? तालुक्याचा तंत्रज्ञ एकदा वायरी जोडून गेला तो गेलाच.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. "बू वुरी, कामात आहात?"

"कामात नसायला मी काय मुख्य बाई आहे? बोला."

"ते तारखेच्या पुढचं... मी सगळं भरतो, पण त्या पुढचं..."

मी त्या वेळी तीन जणांशी एकदम बोलत होते. "तुम्ही भरत चला हो पाक, पुढचं मी बघते. शनिवारी येतेच मी."

"इंग्गिह."

शनिवारी चुलतबहिणीकडे लग्न निघालं. मग रोजे लागले. मग ईद आली. ईदला ते आणि त्यांची बायको आमच्याकडे आले. खरं तर वयाने लहान म्हणून आम्ही त्यांच्याकडे जायला हवं होतं. "माझ्या हातून काही चुकलं असेल तर माफ करा," ते म्हणाले. हे ईदला आमच्याकडे सगळेच सगळ्यांना म्हणतात, मीही म्हटलं. पण ते तिथेच घुटमळले. "बू, त्या कॉम्प्युटरचं जरा..."

"आज कॉम्प्युटर? अहो, आधी तो केक खा!" मी त्यांच्या हातात बशी दिली.

त्यांनी केक खाल्ला. हळूहळू, सगळा.

दर महिन्याचा अहवाल मीच काढायची. कारांगसोकासमोर शून्य. पुढच्या महिन्यात शून्य. मी फोन केला, "पाक, वाचक येतात का?"

"येतात हो. खूप येतात."

मला वाटलं, बिचारे लाजेकाजेस्तव म्हणतायत. डोंगरातली माणसं, कोबी लावतील की पुस्तकं वाचतील? ज्या माणसाने एकतीस वर्षांत एक खोटी तारीख लिहिली नाही, त्याच्यापेक्षा मला त्या पडद्यावरचं शून्य खरं वाटलं. डिसेंबरात मी वर्षाचा आकडा बू हेस्तींना दिला. त्यांनी आदेश काढला. खोली गावच्या सहकारी संस्थेला भाजीचे क्रेट ठेवायला, पुस्तकं दुसऱ्या तालुक्याला. पुस्तकं आणायला ट्रक घेऊन मीच गेले.

खोलीबाहेर चपलांची रांग होती. मला वाटलं, गावची सभा आहे. आत बारा-पंधरा बायका जमिनीवर बसून वाचत होत्या, टोपल्या बाजूला ठेवलेल्या. वागेचा बाजार होता त्या दिवशी. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारी तुमिराह म्हणून एक बाई होती, ती मला पाहून उठली.

"तुम्हीच का त्या शहरातल्या? आमची पुस्तकं न्यायला आलात?" ती म्हणाली. "कुणी वाचत नाही म्हणे इथे. मी सोळा वाचली. विचारा, कुठलं विचारता?"

"तुमिराह, पाहुण्या आहेत," पाक विग्न्यो म्हणाले आणि माझ्यासाठी चहा ओतायला लागले.

कॉम्प्युटरशेजारी लाकडी खोका होता. त्यात कार्डं. त्यांच्या त्या अक्षरात वाचकाचं नाव, पुस्तक, तारीख, बाजारवार. मी मोजत गेले. अकराशे चाळीस.

"पाक! हे सिस्टीममध्ये का नाही भरलंत?"

ते गोंधळले. "भरलं की, बू. प्रत्येक भरलं. कार्डं आपली सवय म्हणून. हातांना चैन पडत नाही."

"मग शून्य कसं दिसलं?"

त्यांनी निळी वही काढून माझ्यापुढे ठेवली. मी उघडली. पान पहिलं, सोमवार. एक, कॉम्प्युटर चालू करणे. दोन, पासवर्ड. तीन, चार, पाच. सहा, तारीख पाहणे. सात, आणि पुढे व्यवस्थित अक्षरात, 'यापुढचं बू वुरींनी केलं.' पान उलटलं. मंगळवार. एक ते सहा. सात, 'यापुढचं बू वुरींनी केलं.' बुधवार, तेच. बावीस पानं होती. बावीसच्या बावीस पानांवर तेच. त्यापुढच्या पानावर फेब्रुवारीतली तारीख होती आणि एकच ओळ, 'बू वुरी म्हणाल्या, भरत चला, पुढचं मी बघते.'

"मला वाटलं, ते तिकडून होत असेल," ते म्हणाले. "दर वेळी तुम्हीच करायचात ना. मध्ये शंका आली होती. पण भिंतीवर ते एकोणीस गुण लटकलेले. विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?"

मी तिथूनच बू हेस्तींना फोन लावला. कार्डांचे फोटो पाठवले, ओरडले, विनवलं, चूक माझी आहे म्हणून दहादा सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. "वुरी, आदेश निघाला, करारावर सह्या झाल्या. आणि कार्डं कोण मोजतंय आता? हे मागच्या महिन्यात सांगितलं असतंस तर..." मागच्या महिन्यातच तर मी त्यांना शून्य नेऊन दिलं होतं.

मी रडले. त्या सगळ्या बायकांसमोर, हमसून रडले. तुमिराहने मला पाण्याचा पेला दिला. पाक विग्न्योच म्हणाले, "असू दे, बू. तुम्हाला कामं फार असतात." त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे आभार मानले असते.

पुस्तकं ट्रकमध्ये चढली. बायका एकेक पुस्तक आणून देत होत्या, कुणी अर्ध्यात दुमडलेलं पान सरळ करून. शेवटी पाक विग्न्यो कार्डांचा खोका दोन्ही हातांनी उचलून, पायरी चाचपत, सावकाश खाली यायला लागले. खोका जड होता. मला राहवलं नाही.

"द्या इकडे!" मी म्हटलं.

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग खोका माझ्या हातात दिला.

"इंग्गिह," म्हणाले.