आपणहून वाचलेलं पहिलं

बबडीला अक्षरं दाद देत नाहीत हे घराला कळलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती. तोवर सगळ्यांनी तिला आळशी ठरवून हात झटकले होते. मग डिस्लेक्सिया हा शब्द आला, त्यामागोमाग शिकवायला ताई आल्या. ट्रेमधल्या वाळूत बोटाने अक्षर गिरवायचं, गिरवताना त्याचा आवाज काढायचा, शब्दाचे तुकडे टाळीवर मोजायचे. आठवड्यातून तीनदा, दीड वर्ष. मोठ्या माणसाने केव्हाच हात टेकले असते.

आई याचे व्हिडिओ टाकू लागली. असल्या पोरांना बोलणी बसू नयेत, वेळेत उपचार मिळावेत, हा हेतू चांगलाच होता. पण वाहवा फार वाईट, एकदा चटक लागली की सुटत नाही. बबडीने एकच अट घातली होती. "मी तुला जे सांगते ते नाही हं लिहायचं."

"वेडी का गं? आई आहे मी तुझी," आई म्हणाली होती.

आणि बबडी आईला सगळं सांगायची. मैत्रिणीकडून ऐकून धडा पाठ करते आणि वर्गात पुस्तक धरून वाचल्याचं सोंग करते, हे जगात फक्त आईला ठाऊक होतं.

त्या दुपारी आई गच्चीत कपडे वाळत घालत होती. तिचा फोन टेबलावर होता. बबडीने नवा व्हिडिओ पाहायला म्हणून उचलला. खाली आईने भलंमोठं काहीतरी लिहिलं होतं. एका वेळी एकच ओळ दिसावी म्हणून ताईंनी मधे खिडकी कापून दिलेला पुठ्ठा तिने पडद्यावर धरला आणि एकेक ओळ वाचू लागली. पाठ नसलेलं, कुणी न सांगितलेलं, तरी जमत होतं. आधी तिला त्याचाच आनंद झाला. मग अर्थ लागला.

आई रिकामी बादली घेऊन आत आली ती हरखूनच गेली. "बबडे, आपणहून वाचतेस? थांब, थांब." तिने बाबांचा फोन घेऊन समोर धरला. "हं, आता मोठ्याने वाच."

"हेच वाचू?"

"काय असेल ते वाच."

बबडीने पुठ्ठा वर सरकवला.

"माझी मुलगी वर्गात वाचल्याचं सोंग करते. धडा पाठ करून जाते. हे तिने फक्त मला सांगितलंय. पालकांनो, तुमचं मूलही असंच फसवत असेल, लक्ष ठेवा. खरं सांगते, तिचं पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, हिच्याऐवजी दुसरं मूल झालं असतं तर."

ती कुठेही अडखळली नाही.

"अगं, ते बाकीच्या आयांसाठी होतं," आई म्हणाली. फोन धरलेला हात खाली आला होता. "मला काय माहीत, तू ते..."

पुढचं तिने गिळलं, पण बबडीला ते कळलं. आईवर इतका राग येऊ शकतो हे तिला आजवर माहीत नव्हतं. तिने पुठ्ठा बाजूला ठेवला.

"हेही टाक," ती म्हणाली.