दहाव्या पायरीचा गडी

मृणालिनीबाईंनी उभ्या आयुष्यात कधी अमावास्या पाळली नव्हती. नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवताना त्या ग्रहणाच्या दिवशी मुद्दाम मुलींना डबे उघडायला लावायच्या. पण या खेपेला परदेशात, टॅलाला मुलाकडे, सारंगकडे आल्यापासून त्यांना एकाएकी पंचांग आठवू लागलं.

पहिल्या रविवारी सारंग पेन ड्राइव्ह घेऊन जिन्याखाली वाकला, तर म्हणाल्या, "आज नको रे, अमावास्या आहे." पुढच्या रविवारी नेमके त्यांना फोटो छापून हवे होते. त्याच्या पुढच्या रविवारी राहुकाळ निघाला.

जिन्याखाली एक जुनाट डेस्कटॉप होता. चेरीवूडच्या कंपनीत सारंग दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर अपग्रेड करायचा, आणि घरचं यंत्र मात्र कैक वर्षांपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कण्हत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आता त्यावर बँकेची साइट उघडेना, सूनबाईला, म्हणजे वृंदाला, हॉस्पिटलचा ड्यूटी चार्ट बघता येईना. सगळं पुसून नवीन सिस्टिम टाकायची, एवढाच उपाय उरला होता.

आणि पुसायलाच बाईंचा विरोध होता, कारण त्या डब्यात त्यांचा गडी राहायचा.

जुन्या सिस्टिमबरोबर बुद्धिबळाचा एक खेळ आला होता. नव्या सिस्टिमवर तो चालणार नव्हता. दर दोन वर्षांनी बाई इथे यायच्या, मुलगा-सून कामाला गेली की चहा घेऊन जिन्याखाली बसायच्या आणि त्याच्याशी खेळायच्या. खेळाला दहा पायऱ्या होत्या. बाईंनी पहिल्या दिवशीच दहावी लावली आणि त्या दिवसापासून आजवर त्या नेमाने हरत आल्या होत्या. खालच्या पायरीवर समोरचा मुद्दाम चुकतो, हे त्यांनी लगेच ओळखलं होतं. मुद्दाम चुकणाऱ्याकडून माणूस शिकणार काय, कपाळ?

नागपुरात फोनवर त्यांनी दुसरे खेळ करून पाहिले होते. ते चाल केली रे केली की उत्तर फेकायचे आणि वर साबणाची जाहिरात दाखवायचे. हा गडी तसा उथळ नव्हता. साधी चाल केली तर डबा गप्प राहायचा. अडचणीची केली की आतला पंखा घरघरायला लागायचा, आणि कधीकधी चहा निवेपर्यंत घरघरत राहायचा. तो आवाज आला की बाई पुढे सरकून बसायच्या. काय बघत असेल हा एवढा वेळ? मला दिसत नाही असं याला काय दिसतं?

एकदा, फक्त एकदा, त्याला हरवायचं होतं. परतीचं विमान गुरुवारचं होतं आणि पुढच्या खेपेला गडी असणार नव्हता.

शेवटच्या रविवारी सारंग सरळ खुर्ची ओढून समोर बसला. "आई, तू कधीपासून राहुकाळ मानायला लागलीस? खरं सांग, काय प्रॉब्लेम आहे?"

बाईंनी मग काही लपवलं नाही. सगळं ऐकून सारंग हसला. पण पडद्यावर पायरीचा आकडा बघितल्यावर त्याचं हसू थांबलं. "लेव्हल टेन? आई, तू ह्याच्यावर खेळतेस?"

"मग काय दुसरीवर खेळू? एक डाव खेळून घेऊ दे. मग पूस त्याला."

तो डाव फार रंगला. बाईंची पांढरी, त्याची काळी. मधल्या गर्दीत गड्याचा एक हत्ती त्यांच्या हाती लागला, तेव्हा सारंगच ओरडला, "आई, तू पुढे आहेस!" आणि त्याने फोनवर पटाचा फोटो काढला. बाईंनी त्याला गप्प बसवलं. त्यांनी वजीर थेट काळ्या राजाच्या अंगणात नेऊन ठेवला. आता चाल गड्याची होती.

पंखा घरघरायला लागला. मग घरघर वाढली, इतकी की वृंदा किचनमधून डोकावली, "आई, काय पेटलं का?" बाई जागच्या हलल्या नाहीत. आणि पडदा काळा झाला. पंखा थांबला.

"पळाला!" बाई म्हणाल्या.

"गरम होऊन बंद पडलाय, आई." सारंगने डब्याचं झाकण काढलं. आत धुळीची गोधडी बसली होती. "म्हणजे ती घरघर याची होती. विचारबिचार काही नाही, नुसती धूळ."

"विचारही होता," बाई म्हणाल्या. धूळ काढून यंत्र पुन्हा सुरू केलं, तर डाव गेलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गडी हातात आला होता आणि निकाल लागायच्या आत डावच नाहीसा झाला. मृणालिनीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

सारंगला काय करावं कळेना. मग त्याने ऑफिसचा लॅपटॉप उघडला, फोटो बघून पट त्यात मांडला आणि पडदा स्वतःकडे वळवला. क्षणभर बघून त्याने लॅपटॉप मिटला.

"आई, तू जिंकत होतीस."

"खरं?"

"अगदी क्लिअर. ग्रँड होता तुझा गेम."

बाईंनी डोळे पुसले, उठल्या, शिरा केला आणि पुसायची परवानगी दिली. सारंग सिस्टिम टाकत होता तेव्हा त्या शेजारी बसून विचारत राहिल्या, "आता काय करून राहिला तो?" "फाइली कॉपी करतोय." "कुठून कुठं?" संध्याकाळी डबा नव्या अवताराने उठला. तो चपळ होता, गुपचूप होता. वृंदाने पहिल्या झटक्यात ड्यूटी चार्ट उघडला आणि घरात सगळे खूश झाले.

बाई मात्र अंथरुणावर पडल्या आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. जिंकत होते, पण कशी?

सकाळी सारंगला विचारलं, तर म्हणाला, "अगं, सरळच होतं." सरळ म्हणजे कसं, ते विचारेपर्यंत तो गाडीत जाऊन बसला होता. भूगोलाच्या बाईंना असलं उत्तर चालत नसे. "नदी कुठून निघते?" "अशीच निघते, बाई," असं म्हणणारीला त्या बाकावर उभी करायच्या.

वृंदा हॉस्पिटलमधून येताना जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून बुद्धिबळाचा पट घेऊन आली. त्यातला एक काळा उंट हरवलेला होता. त्याच्या जागी बाईंनी मसाल्याच्या कपाटातली एक मोठी वेलची ठेवली आणि सारंगच्या फोटोवरून डाव जसाच्या तसा मांडला. सोमवार गेला, मंगळवार गेला. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग पटाने अडवला आणि तिघंही उरलेल्या अर्ध्यात दाटीवाटीने जेवू लागली. आपण कुठून मात केली असती ते बाईंना दिसत होतं. चांगले दोन रस्ते होते. पण चाल तर त्याची होती! त्याने काय केलं असतं?

बुधवारी दुपारी घरात कोणी नसताना त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत, काळ्याच्या बाजूला जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या बाजूने त्यांनी पट कधी पाहिलाच नव्हता. तिथून त्यांचा स्वतःचा राजा फार लहान दिसला. आपल्याच प्याद्यांच्या मागे कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

एम-फिफ्टी महामार्गाच्या ट्रॅफिकमधून सारंग घरी आला, तेव्हा त्या अजून त्याच खुर्चीत होत्या.

"बस समोर," त्या म्हणाल्या. "मला शेंडी लावली ना तू?"

"काय झालं?"

"हे बघ." बाईंनी काळा वजीर उचलून पांढऱ्या राजाला अगदी खेटून ठेवला. "फुकट देतो तो वजीर. राजाला हा खाता येत नाही, काहून की ह्याच्यामागं घोडा उभा आहे. म्हणून माझा हत्ती खाणार, दुसरा उपायच नाही. आणि हत्ती इथं आला, की राजाची शेवटची वाटही बंद." त्यांनी घोडा उचलला, एक उडी मारली. "मात. मी हरली होती, सारंग. तुझ्या लॅपटॉपनं हेच सांगितलं होतं ना?"

सारंगने मान डोलावली. "तू रडत होतीस. मला बघवलं नाही."

"रडू द्यायचं ना रे मग! रडून झालं असतं. पण जिंकवलंस कशाला? तीन दिवस मी चुकीच्या खुर्चीत बसून राहिली."

त्या खरोखर चिडल्या होत्या. पण राग त्यांच्या तोंडावर टिकेना. डोळे नुसते चमकत होते. त्यांनी घोडा परत मागे घेतला, वजीर परत मागे घेतला आणि तीच चाल पुन्हा करून बघितली, मग आणखी एकदा.

"वजीर फुकट देतो," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "इतकी वर्षं मी विचार करून राहिली, की याला काय दिसतं. हे दिसायचं त्याला. आणि आज मला दिसलं. कोणी सांगितलं नाही, माझं मला दिसलं."

बाहेर गाडीचं दार लागलं आणि वृंदा कोट काढत आत आली. तिला बूट काढायलाही सवड न देता बाईंनी हाक मारली, "वृंदा, आधी इकडं ये! मी कशी हरली ते बघ!"