हवेतला डावा पाय

"पोरीला बँडच्या त्या धुनेवर झोपवू नकोस गं. एकदा तिची झाली की ती धून तुझी राहायची नाही," असं सासूबाईंनी बजावलं, तेव्हा तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. सासूबाई दिवसाला सरासरी नऊ सूचना देत, ही दहावी. शिवाय तिचा नाइलाज होता. बाळंतपणाची रजा संपवून ती पाणीपुरवठा खात्यात मीटर विभागाच्या टेबलावर परतली होती, आणि खात्याच्या बँडमधली क्लॅरिनेटची जागा टिकवायची तर घरी सराव हवाच होता. वेळ मिळायचा तो फक्त पोरीला झोपवताना.

जागा तशी डळमळीत झालीच होती. गेल्या वर्षी संचलन बँडच्या स्पर्धेत खात्याला भावाविष्काराचे वीसपैकी तीन गुण मिळाले होते. परीक्षकांनी शेरा मारला होता, "वाद्यं ऐकू आली. माणसं ऐकू आली नाहीत." बँडमास्तर दिवसा खात्याचे भांडारपाल. पाइपांच्या ढिगात बसून ते वर्षभर तो शेरा चघळत होते.

"तीन!" सरावाला ते गाड्यांच्या आवारात ओरडत. "अहो, आपला नळ सुटताना याहून जास्त भाव देतो!"

मग तिच्याकडे वळत. "ताई, मधला संथ भाग तुमच्या भरवशावर आहे. यंदा तो काळजाला भिडला नाही, तर क्लॅरिनेट लिफ्टमनकडे. आधीच सांगून ठेवतो, नंतर रडारड नको."

तिच्या रजेत ती जागा सांभाळणारा, आता राखीव असलेला लिफ्टमन तेव्हा भिंतीला टेकून उभा असे, उगाच ओठ ओले करत.

तिचा जीव कासावीस होई. आठवड्यातले ते तीन तासच असे होते, की ती कुणाची आई नव्हती, कुणाची सून नव्हती, मीटरवाली बाई नव्हती. तिसऱ्या रांगेतली क्लॅरिनेट होती, बस्स.

म्हणून रोज पाळण्याशेजारी उभं राहून ती तो संथ भाग वाजवायची. अगदी हळू, मुंगीलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू. तिची मुलगी आठ महिन्यांची, झोप सशाची. चौथ्या ओळीच्या शेवटच्या लांब सुरावर ती हमखास चुळबुळ करायची. मग ही तो सूर तसाच धरून ठेवायची, पोरगी शांत होईपर्यंत. कधी चार मात्रा, कधी दहा. सहा आठवडे हे चाललं. कार्यालयातल्या सरावात मात्र सगळं तालात जायचं, कारण तिथे चुळबुळ करणारं कुणी नव्हतं.

आता इथे ड्रमकाकांची ओळख करून द्यायला हवी. मोठा ड्रम गळ्यात अडकवला की काकांना पुढचं जग दिसत नसे, बँडमास्तर तर नाहीच. ड्रमच्या कडेवरून दिसायचा तो फक्त तिचा उजवा कोपर. कोपर खाली आला की काका धम्म करायचे, आणि त्या धम्मवर सगळ्यांचे पाय पडायचे. तिच्या रजेत बिचाऱ्यांचे फार हाल झाले. "लिफ्टमनच्या कोपरावरून काही समजत नाही हो," ते म्हणायचे. "वर चाललाय की खाली, देव जाणे."

स्पर्धेच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. सासूबाई नातीला घेऊन प्रेक्षकांत तिसऱ्या ओळीत बसल्या.

"आई, तिला ऊन लागू देऊ नका. नि बाटली आधी मनगटावर बघा. नि मान—"

"अगं, तुझा नवरा मीच वाढवलाय ना?" सासूबाई म्हणाल्या. "बघ, अजून चालतोय."

बँड मैदानात उतरला. सुरुवात झकास झाली. संथ भाग आला, पावलं लांबली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीचा लांब सूर तिने लावला आणि प्रेक्षकांतून बारीक आवाज आला, "अँ..."

पुढचं तिने केलं नाही, तिच्या बोटांनी केलं. सूर धरला गेला. कोपर वरच राहिला. काकांची काठी हवेत थांबली. धम्मच नाही म्हटल्यावर पाय टेकणार कशावर? सव्वीस माणसांचे सव्वीस डावे पाय गुडघ्यापर्यंत उचललेले, तसेच राहिले. बँडमास्तरांची बँडकडे पाठ होती. ते हातातला दंड फिरवत सहा पावलं एकटेच पुढे निघून गेले.

कोपर खाली घे, तिने स्वतःला बजावलं. लिफ्टमन ओठ ओले करतोय, घे खाली. पण पोरगी अजून निवली नव्हती. मागे कर्णेवाला एका पायावर डुलत पुटपुटला, "ताई, पडलो हं मी, पडलो." छातीतली हवा संपत आली. सूर बारीक, आणखी बारीक होत गेला. सगळं मैदान कान देऊन गप्प. आणि मग "अँ" विरलं.

कोपर खाली. धम्म! सव्वीस पाय असे एकदम पडले, की तसे सरावात एकदाही पडले नव्हते.

निकाल ऐकायला सगळे बँड सावधानमध्ये उभे केले. हललात तर शिस्तीचे गुण कापू, अशी तंबी होती. खात्याचे कवायतीचे गुण गेल्या वर्षीच्या सव्वीसवरून दहावर आले. एकूण बेरीज गेल्या वर्षीपेक्षा एकाने कमी. पण भावाविष्कार वीसपैकी अठरा!

"अठरा," बँडमास्तर ओठ न हलवता पुटपुटले. गालावरून पाणी ओघळत होतं, पण पुसायची सोय नव्हती. "ताई, ती थांबायची जागा मी तीस वर्षं शोधतोय. तुम्हाला कुठे सापडली?"

"घरी, मास्तर."

"जागा तुमची. लिफ्टमन, तुम्ही झांजा बघा."

"बघतो," मागून आवाज आला. कोरडा.

तिला उडी मारावीशी वाटली. सावधानमध्ये उडी कुठली? तिने फक्त डोळे प्रेक्षकांकडे वळवले. मुलगी मांडीवर टक्क जागी होती आणि स्पर्धेची छापील पत्रिका मन लावून खात होती. दुसरं पान चालू होतं. सासूबाईंची हनुवटी छातीवर टेकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हालचाल नाही. धुनेच्या चौथ्या ओळीपासूनच त्या तशा असतील का? झोप असेल. झोपच असणार. पण इतकी गाढ?

अजून सात पारितोषिकं वाटायची आहेत आणि तिला मानसुद्धा वळवता येत नाही. तेव्हा तुम्ही त्या बाजूला असाल, तर तिच्यासाठी एवढं कराल का? तिसरी ओळ, कडेची खुर्ची. पोरीच्या हातातला कागद काढून घ्या, आणि आईंच्या खांद्याला हळूच हात लावून बघा हो, ठीक आहेत ना त्या?