नऊ दाबा

लसींचा थंड डबा टेबलाखाली सरकवून नर्स क्षमाने टॅब स्वतःकडे वळवला आणि पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

“सर, ही नको,” ती म्हणाली.

गौरेश उपकेंद्राच्या भिंतीवर प्रकल्पाचा फलक चिकटवत होता. फलकावर परदेशी संस्थांची बोधचिन्हं होती, काही देशांचे झेंडे होते आणि मधोमध एक हसरं बाळ. गौरेश मूळचा डिचोलीचा. परदेशी मदतीवर चाललेल्या ह्या आरोग्य-माहिती प्रकल्पाचं उत्तर गोव्यातलं काम त्याच्याकडे होतं. आज मलावीहून एक डॉक्टरबाई येणार होत्या. पेडण्यात चालू असलेली ही पद्धत आपल्या देशात न्यायची की नाही, ते त्यांना ठरवायचं होतं.

“का नको? तालुक्यात हीच पहिली आहे,” तो म्हणाला. “आपला लसीच्या आठवणीचा फोन जातो ना, तो ही बाई शेवटपर्यंत ऐकते. कधी मधे कट केलेला नाही. मॅडमनी पणजीच्या आपल्या कचेरीत यादी बघून हिलाच भेटायचं म्हटलंय.”

“सर, तिचां बाळ गेलां. मी तुमका फोनवर सांगितलेलां. कितीदा सांगितलेलां.”

गौरेशचा हात फलकावरच थांबला.

“ती केस ही होय?”

“केस नाय. रत्ना.”

रत्ना आणि तिचा नवरा विजय बेळगावकडचे. हळर्णच्या पुढे एका कारखान्याची इमारत उठत होती, तिथे दोघं कामाला. त्यांची मुलगी ज्योती गोव्यातच सरकारी इस्पितळात जन्मली आणि त्याच दिवशी तिचं नाव यंत्रात चढलं. पुढे ती तापाने फणफणली, तेव्हा गावाकडे निघालेल्या टेम्पोत बसून ते तिला घेऊन गेले. आंबोलीच्या घाटात ती गेली. गोव्याच्या कचेरीने सांगितलं, मृत्यू आमच्याकडे झालेला नाही. बेळगावातल्या इस्पितळाने सांगितलं, मूल आणलं तेच मेलेलं. घाट महाराष्ट्रात, आणि तिथे ह्यांना कोण विचारणार? दाखला कुणीच दिला नाही. दाखल्याचा क्रमांक घातल्याशिवाय यंत्र त्या पोरीला मरू देईना. दर मंगळवारी रत्नाचा फोन वाजायचा आणि एक गोड आवाज म्हणायचा, ‘अभिनंदन! तुमची ज्योती आता मान धरू लागली असेल.’ मग, ‘तुमची ज्योती आता कुशीवर वळत असेल.’

“आता बदलायला वेळ नाही,” गौरेश म्हणाला. “तिला घेऊन या. तिने काही बोलायची गरज नाही. मॅडमना मराठी कळत नाही, मी सांभाळून घेतो.”

क्षमाने डब्याचं झाकण इतक्या जोरात दाबलं की पायरीवर बसलेली आशा वर्कर विमला दचकून मागे वळली.

रत्ना बांधकामावर घमेलं धुवत होती. क्षमाने तिला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. “यायचं नसेल तर येऊ नकोस. तू भेटलीच नाहीस असं सांगते मी.”

रत्नाने हात लुगड्याला पुसले. “न्हाई, येते की. मला कवापास्नं सांगायचंच हाय. कुनी ऐकून तर घिऊ दे.”

डॉक्टर चिसोमो फिरी उंच होत्या, केस पिकलेले. त्यांच्यासाठी आणलेल्या गादीच्या खुर्चीवर न बसता त्या रुग्णांच्या बाकावर रत्नाशेजारी बसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “हिला विचारा, बाकीच्या बायका फोन मधेच ठेवतात. ही शेवटपर्यंत का ऐकते?”

गौरेशने रत्नाला विचारलं, “फोन ऐकायला बरा वाटतो ना?”

रत्नाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, “शेवटाला ती बाई म्हनती, बाळाला काही तरास असंल तर नऊ दाबा. म्हनून थांबते. दर डावाला नऊ दाबते. मग म्हनते, बाई, माझी पोर मेली, आता फोन करू नका. ती म्हनती, धन्यवाद.”

गौरेश हसला आणि इंग्रजीत म्हणाला, “ती म्हणते, माहिती फार उपयोगाची आहे. प्रतिसादाची सोयही ती नियमित वापरते.”

“ती तसं म्हणाली नाही.”

हे इंग्रजीत होतं, आणि बोलली होती क्षमा. नर्सिंगच्या शाळेत शिकलेलं इंग्रजी तिने इतक्या वर्षांत कुणापुढे वापरलं नव्हतं. तिने छोटी छोटी वाक्यं केली. मूल मेलं आहे. नोंद होत नाही. फोन येत राहतो. ही नऊ दाबते आणि तेच सांगते.

“सिस्टर!” गौरेश दबक्या आवाजात म्हणाला.

“आनि त्या दिवशी हे दार बंद व्हतं,” रत्ना म्हणाली. “पोरीला घिऊन मी आधी हितंच आले व्हते. ते बी सांगा.”

क्षमाने तेही सांगितलं. “त्या दिवशी आम्हा सगळ्या नर्सना पणजीला बोलावलं होतं. हा टॅब कसा वापरायचा ते शिकवायला.”

डॉक्टरबाई गौरेशकडे वळल्या. त्यांनी विचारलं, “नऊ दाबल्यावर कोण ऐकतं?”

“ते रेकॉर्ड होतं, मॅडम. ऐकायची व्यवस्था पुढच्या आवृत्तीत येणार आहे.”

“आणि आम्हाला कोणती आवृत्ती देणार आहात?”

गौरेशने रुमाल काढून कपाळ टिपलं. “सध्याची.”

जाताना त्यांनी रत्नाचा हात दोन्ही हातांत धरला. फलकासमोर फोटो काढायचा ठरला होता, तो त्यांनी काढू दिला नाही. गौरेशने गाडीचं दार त्यांच्यासाठी उघडलं आणि क्षमाकडे न बघता पुढे जाऊन बसला.

त्यानंतरच्या मंगळवारी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्ना कामावर न जाता उपकेंद्रात आली. आल्या आल्या तिने विचारलं, “फोन बंद झाला. लिवलं का मग, ज्योती मेली म्हून?”

क्षमाने टॅब उघडला. आईचं नाव घातलं, मग मुलीचं, मग इस्पितळातल्या जन्मनोंदीचा नंबर. प्रत्येक वेळी एकच ओळ आली: अशी नोंद सापडली नाही. तिने तालुक्याचं पान उघडलं. बालमृत्यूंच्या रकान्यात पूर्वीसारखंच शून्य होतं. जन्मांचा आकडा मात्र एकाने उतरला होता.

तिने टॅब रत्नाकडे वळवला.

“मेली असं लिहिलं नाही,” ती म्हणाली. “जन्मलीच नाही, असं केलंय.”

रत्ना पडद्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती बघत राहिली. मग तिने विचारलं, “कुनी?”

नोंद काढून टाकण्याचा अधिकार प्रकल्पात एकाच माणसाला होता.

“गौरेशने,” क्षमा म्हणाली. तिने टॅब पिशवीत घातला आणि छत्री उचलली. “विमला, तू हांगाच बस. मी परत येयसर जाव नको. कोण आजारी येलो तर रिक्षा कर आणि इस्पितळात घेवन जा.”

“तुमी खंय चल्ल्यात?”

“पणजे.”

दोघी चढ उतरून रस्त्यावर आल्या. बस अजून आली नव्हती. रत्नाने पदर डोक्यावरून घेतला आणि हळूच म्हणाली, “बाई, तुमची नोकरी जाईल.”

क्षमा वळणाकडे बघत होती.

“तुला तारीख पाठ आहे ना?” तिने विचारलं.

“कंची? जन्माची?”

“दोन्ही.”