जुनी बाई कुठे गेली?

पडद्यावरच्या डॉक्टरांनी शेवटची पट्टी सोडवली आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला.

"काय रूप आलंय गं बाई," चष्मेवाल्या वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर असावा तर असा."

त्यांच्याच घरी सगळ्या जमल्या होत्या. ‘रेखीव’ ही प्लास्टिक सर्जन नवरा-बायकोची मालिका लागली की मजल्यावरची अर्धी बिऱ्हाडं तिथे गोळा व्हायची. कित्येक आठवडे त्या मालिकेत एक भाजलेली बाई दवाखान्यात पडून होती. आज तिची पट्टी निघाली आणि आतून गुळगुळीत गालांची, कोरलेल्या भुवयांची एक मुलगी बाहेर आली.

"ही ती नाहीच," दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला.

तो पडदेवाल्या काकूंचा होता. एका दुकानासाठी त्या घरी पडदे शिवून द्यायच्या, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत.

"असं काय करता काकू, ऑपरेशन झालंय तिचं."

"कातडी बदलेल हो. पण त्या बाईचे डोळे घारे होते, हिचे काळे कुळकुळीत आहेत. ऑपरेशन करून बाई आत नेली आणि दुसरीच बाहेर काढली. मग जुनी बाई कुठे गेली?"

सगळ्या खो खो हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्या उठल्या, वहाणा घातल्या आणि शेजारच्या आपल्या दारातून आत गेल्या.

त्या बाईची त्यांना सवय झाली होती. तिचा डावा गाल आक्रसलेला होता, ओठाचा कोपरा खाली ओढलेला. रंगरंगोटीच होती ती, हे काकूंना कळत होतं. पण टीव्हीवर आपल्यासारखं कुणी त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी मावसबहीण भेटायला यावी तसं वाटायचं. आणि आज त्या लोकांनी तिला काही न सांगता घालवून दिलं होतं.

काकूंचा गाल मात्र रंगाचा नव्हता. लग्नाआधी त्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. एका सकाळी कढईतल्या मेणाने पेट घेतला. जीव वाचला, पण जखमा भरता भरता मानेची कातडी अशी आवळत गेली की हनुवटी छातीला चिकटली. पुढची दोन वर्षं त्यांनी माणसं पाहिली ती कमरेपर्यंतच. मग मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या एका करड्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मांडीची कातडी काढून मानेला लावली आणि मान सोडवून दिली. गाल बराचसा तसाच राहिला. काकूंनी शिलाई शिकून घेतली आणि एका पडद्यांच्या दुकानाचं काम धरलं. बसच्या कारखान्यात ब्रेक दुरुस्त करणारा एक अबोल माणूस ड्रायव्हरच्या खिडकीसाठी पडदा शिवून घ्यायला दुकानात आला. पडदा नीट बसत नाही म्हणून तो पुन्हा आला, पुन्हा पुन्हा आला. शेवटी दुकानदारानेच त्याला विचारलं, "नक्की काय बसत नाहीये तुमचं?" आणि लग्न ठरलं.

रविवारी त्याच वाहिनीवर ‘तुमचं मत’ नावाचा कार्यक्रम असायचा. मालिका बघणारे लोक समोर बसायचे, मालिकावाले मंचावर. काकूंनी तिथे फोन लावला आणि आपला प्रश्न सांगितला. पलीकडची मुलगी मनापासून हसली. "काकू, हे तुम्ही इथे येऊनच बोला," ती म्हणाली. "पहिल्या रांगेत बसवते तुम्हाला."

घरी लेकीला मात्र ही बातमी आवडली नाही. काकूंची एकुलती एक लेक शाळेत शिक्षिका होती.

"आई, तो कार्यक्रम आमच्या शाळेत सगळ्या बघतात."

"मग बरंच की. ओळखीचं कुणीतरी बघेल."

"तसं नाही गं." लेक वह्या तपासत होती, तिने पेन खाली ठेवलं. "लोक तुझं बोलणं ऐकणार नाहीत, नुसते बघत बसतील. उद्या स्टाफरूममध्ये कुणी काही बोललं तर मला सहन व्हायचं नाही."

"तुला माझी लाज वाटते का?"

"नाही. मला भीती वाटते."

काकूंना तिचं उत्तर पटलं, कारण ते खरं होतं. लहानपणी याच पोरीने आईकडे टक लावून बघणाऱ्या एका बाईच्या पोटरीला चावा घेतला होता. "भीती मलाही वाटतेय," त्या म्हणाल्या. "पण प्रश्न माझा आहे. तो दुसरं कोण विचारणार?"

रविवारी निघताना बघतात तर लेक साडी नेसून जिन्यात उभी. "एकटी कशी जाशील," एवढंच म्हणाली.

स्टुडिओच्या दारात फोनवरची तीच मुलगी भेटली. काकूंनी नाव सांगितलं तसं तिचं हसू गालावरच थांबलं. ती आत जाऊन कुणाशी तरी बोलून आली. "काकू, पुढे ना, दिवे फार डोळ्यांवर येतात. तुम्ही मागे आरामात बसा." आणि त्या दोघींना शेवटच्या रांगेत, एका धिप्पाड गृहस्थाच्या पाठीमागे बसवण्यात आलं.

"बघितलंस?" लेक पुटपुटली. "चल, घरी जाऊ."

"आलोय तर बसू की. खुर्च्या मऊ आहेत."

कार्यक्रम सुरू झाला. मंचावर निवेदक होता, डॉक्टर झालेला नट होता आणि मालिका लिहिणाऱ्या लेखिका होत्या. प्रेक्षकांची मतं चांगलीच रंगली. एका बाईंना डॉक्टरणीच्या साड्या आवडत होत्या. एका तरुणाचं म्हणणं, नट सुरी कांदा चिरायला धरतात तशी धरतो. धिप्पाड गृहस्थ उठून म्हणाले, "प्लास्टिक सर्जरी म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. नाक आवडलं नाही, बदला. या धंद्यावर मालिका कशाला?" त्यांना टाळ्या पडल्या.

माईक त्यांच्याकडून परत निघाला होता. काकूंनी हात पुढे करून तो घेतला आणि त्या उभ्या राहिल्या.

सभागृहातली कुजबुज हळूहळू विरली. माना वळल्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर काकूंना स्वतःचाच चेहरा दिसला, दारापेक्षा मोठा. क्षणभर त्यांना शब्दच सापडेना. मग त्यांनी पडद्याकडे बघणं सोडलं आणि लेखिकाबाईंकडे बघितलं.

"तुमच्या मालिकेत एक भाजलेली बाई होती," त्या म्हणाल्या. "पट्टी काढल्यावर दुसरीच निघाली. मला विचारायचं होतं, की जुनी..."

"ताई, ताई," निवेदकाने मधेच हात जोडले. आवाज त्याने एकदम मऊ केला होता. "तुम्ही इथवर आलात, हेच केवढं धाडस. मंडळी, यांच्यासाठी जोरदार टाळ्या."

टाळ्या कडाडल्या. माईक नेणाऱ्याने काकूंच्या हातातून माईक अलगद काढून घेतला. काकू उभ्याच राहिल्या. आपलं झालं की नाही, हे त्यांना कळेना.

तेवढ्यात शेजारी बसलेली लेक ताडकन उठली. तिने माईकवर हात ठेवला, तो चाळीस पोरांच्या वर्गात उपयोगी पडणारा हात होता.

"माझ्या आईचं बोलणं संपलेलं नाही," ती म्हणाली. "टाळ्या थांबवा. तिने प्रश्न विचारलाय, तिला उत्तर हवंय."

टाळ्या थांबल्या. लेकीने माईक आईच्या हातात दिला. तिची मान ताठ होती.

आता काकूंना सगळे शब्द सापडले. त्यांनी गळ्याभोवतीची ओढणी काढून लेकीकडे दिली.

"या दादांचं म्हणणं की हे सगळे चोचले," त्या म्हणाल्या. "दादा, माझी हनुवटी इथे छातीला चिकटली होती. पाणी प्यायचं तर बशीतून. ही मानेवरची कातडी आहे ना, ही माझ्या मांडीची. तेव्हापासून माझी मांडी मान वर करून फिरतेय."

सभागृहात आधी कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग त्या स्वतःच हसल्या, आणि मग सगळे हसले. धिप्पाड गृहस्थसुद्धा.

"डॉक्टरीणबाईंनी मला सुंदर केलं नाही. मीही तसं मागितलं नव्हतं. मान सुटली त्या दिवशी मी खिडकीतून वर बघितलं. समोरच्या गच्चीवर एक माणूस दात घासत होता. इतका छान वाटला मला तो. तुमच्या मालिकेत असं कधी होतच नाही. तुमच्याकडे बाई एकतर देखणी होते, नाहीतर मरते. मी दोन्हीतलं काही केलं नाही. मी संसार केला, पडदे शिवले, ही पोर वाढवली. म्हणून विचारते. ती घाऱ्या डोळ्यांची बाई कुठे गेली?"

निवेदक लेखिकाबाईंकडे बघू लागला. लेखिकाबाईंनी आपला माईक जवळ ओढला.

"तिला आम्हीच घालवलं," त्या म्हणाल्या. "दुसरी कथेत सोपी होती. हिला पुढे काय काय करायला लावायचं, ते मला सुचलं नाही."

"मग या एकदा घरी," काकू म्हणाल्या. "सांगते."

या वेळी टाळ्यांसाठी कुणाला सांगावं लागलं नाही. पुढच्या रांगेतल्या साड्यांवाल्या बाई आधी उभ्या राहिल्या, मग बाकीचे. ते आपल्याला बघायला उठलेत की आपलं बोलणं पटलं म्हणून, हे काकूंना आता ओळखता येत होतं.

लेखिकाबाई खरंच आल्या. शिलाईयंत्राशेजारी पाटावर बसून दोन दुपारी ऐकत राहिल्या. वाहिनीकडेही एवढे फोन आले म्हणतात, की तिथली ती हसरी मुलगी वैतागून गेली. आणि पुढल्या महिन्यात ‘रेखीव’मध्ये घाऱ्या डोळ्यांची बाई परत आली. गाल तसाच, ओठ तसाच. आल्या आल्या तिने दवाखान्याच्या औषधदुकानात नोकरी धरली आणि पहिल्याच दिवशी एका उर्मट गिऱ्हाइकाला असं फैलावर घेतलं, की चष्मेवाल्या वहिनींनी मांडीवर थाप मारली.

त्या दिवशी सगळ्या जणी काकूंच्या घरी जमल्या होत्या. लेकीच्या शाळेतल्या दोन शिक्षिकाही आल्या होत्या. नवऱ्याबरोबर कारखान्यातला त्याचा सोबतीही आला होता.

"वहिनी, तुम्ही टीव्हीवर होतात ना," जाहिराती लागल्यावर सोबती म्हणाला, "तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये होतो. रविवारची पाळी. एक नवीन आलेला म्हणाला, बदला रे चॅनल, जेवताना हे काय बघायचं. तर हा डबा सोडून उठला."

"जाऊ दे रे," नवरा म्हणाला.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"म्हणाला, माझी बायको आहे. आवाज वाढव."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

"अहो, इतक्या दिवसांत मला सांगितलं नाहीत."

"त्यात काय सांगायचं," तो म्हणाला, आणि सरकून आपल्या शेजारी त्यांना जागा करून दिली.