किलियानच्या माळ्यावरचं पाखरू

ओटमारने भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच खाली ठेवलं. बघायची गरजच नव्हती. हाडांच्या दोन्ही बाजूंना दगडावर बारीक चरे उठले होते. ते कुणाच्या पटाशीचे, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

"हे साफ कुणी केलंय, काका?" इर्मगार्डबाईंनी विचारलं. विद्यापीठातून त्या ही फरशी घोंगडीत गुंडाळून घेऊन आल्या होत्या, तान्ह्या बाळासारखी.

"जुन्या मालकांनी घेतलं असेल कुणाकडून तरी करून," ओटमार म्हणाला. "तीस वर्षं झाली. कोण लक्षात ठेवतंय."

अडुसष्टाव्या वर्षी आपण इतकं सराईत खोटं बोलतो, याची त्याची त्यालाच लाज वाटली. चुनखडीच्या या खाणीत दगडातली हाडं मोकळी करायचं काम चाळीस वर्षं त्याच्याचकडे होतं. त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणायचे.

"लेबलवर उडता सरडा लिहिलंय," बाई म्हणाल्या. "हात अर्धाच उरलाय, म्हणून लोक फसले. पण मनगट बघा, पाय बघा. छोट्या डायनासोरसारखे आहेत. याला पिसं होती एवढं दाखवता आलं, तर पक्षी कुठून आले या भांडणात निम्म्या लोकांची तोंडं बंद होतील. आणि नेमकं पिसांच्याच जागी कुणीतरी खरवडून ठेवलंय. मळ समजून, बहुतेक."

"मळ समजूनच," ओटमार बोलून गेला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

तीस वर्षांपूर्वी, महायुद्धानंतरच्या उन्हाळ्यात ही फरशी दोघा भावांनी मिळून उघडली होती. "दादा, पिसं आहेत रे," धाकटा किलियान म्हणाला होता. "कसली पिसं, चुन्याचा मळ आहे. मालकाला हाडं स्वच्छ लागतात," असं म्हणून ओटमारने दोन दिवसांत सगळं गुळगुळीत करून टाकलं. मग म्युनिकहून विद्वान आले. हाडांभोवती काही होतं का, असं त्यांनी विचारलं. तोवर ओटमारच्या मनात पाल चुकचुकली होती, तरी तो नाही म्हणाला. किलियान शेजारीच उभा होता.

पुढे किलियान बिअरच्या टेबलावर सांगत राहिला, ते पाखरूच होतं. गावाने त्याचं नाव 'पिसवाला' ठेवलं. कार्निव्हलला त्याच्या टोपीत कोंबडीची पिसं खोचायचे. पुरावा दाखव म्हटलं की तो नुसता हसायचा. दादाने खरवडलं, हे मात्र त्याने कधी तोंडातून काढलं नाही. ओटमार त्याच टेबलावर मुळा खात बसलेला असायचा. एका शब्दाचं काम होतं, पण तो शब्द काही त्याच्याने निघाला नाही. गेल्या नोव्हेंबरात किलियान गेला.

"दगड उकलला की दोन फरश्या निघतात. याची दुसरी कुठे असेल?" बाईंनी विचारलं. "उलटा ठसा?"

"आमच्याकडे हाडांची फरशी मालकाची," ओटमार म्हणाला. "नुसत्या ठशाची कामगाराची. ती कौलासारखी छपरावर जाते."

"कुणाच्या छपरावर?"

ओटमार टोपी घेऊन उठला. "त्या उन्हाळ्यात माझा भाऊ घर शाकारत होता."

किलियानची बायको अफ्रा अंगणात आलुबुखार सोलत बसली होती. दोघांना बघूनही तिने सुरी खाली ठेवली नाही.

"माळ्यावर? जा की, भाऊजी. खाट तशीच आहे त्यांची. तीस वर्षं वरच झोपले. थंडीत मिशीवर दंव गोठायचं. मी म्हणायचे, खाली या हो, मी काय चावते का? तर म्हणायचे, इथं बरं वाटतं."

बाई शिडीशी थांबल्या. ओटमार एकटाच वर चढला. खाट धुराड्याच्या उबेला नव्हती. जिथे छप्पर हातभर उंचीवर येतं, त्या अडचणीच्या कोपऱ्यात होती. बसताही येईना, म्हणून तो गुडघे सांभाळत आडवा झाला.

उशीच्या बरोब्बर वर ती फरशी होती, ठसा खाली करून लावलेली. झरोक्यातून तिरपं ऊन येत होतं. पंख अख्खा उमटला होता, एकेका पिसाची मधली काडीसुद्धा. तीस वर्षांत पावसाचा थेंब लागला नव्हता.

एवढी एक फरशी काढून बिअरच्या टेबलावर ठेवली असती, तर गाव गप्प बसलं असतं. आणि ओटमारने काय खरवडलं, विद्वानांना काय सांगितलं, तेही सगळ्यांना कळलं असतं. मालकाने दुसऱ्या दिवशी त्याच्या हातातून पटाशी काढून घेतली असती.

ओटमारला रडू आवरेना.

"काही आहे का, काका?" खालून बाईंचा आवाज आला.

त्याने बाहीने तोंड पुसलं. "आहे. वर या, बाई. वही आणा येताना. ते मी खरवडलं होतं. पाखरू किलियानला दिसलं होतं, आणि त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं."

शिडी करकरली. बाई वाकून आत आल्या आणि टेकायला जागा शोधू लागल्या. ओटमार खाटेवरून उतरला. त्याने भावाची उशी झटकून नीट ठेवली.

"बसून नाही दिसत," तो म्हणाला. "इथं आडवं व्हावं लागतं."